मोगली एरंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोगली एरंडाबद्दल विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिल्याच्या कडेवर मूल असतं आणि मुलाच्या मुठीत काळ्या बिया. दुसऱ्याला कुंपण लावायचं असतं. तिसऱ्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं, की या झाडाच्या तेलावर गाड्या चालतात, विमानंसुद्धा उडतात. घाई फक्त पहिल्याला असते, म्हणून त्याचं उत्तर आधी.

मुलानं बिया खाल्ल्या आहेत. आत्ता काय करू?

तोंडात उरलेला चोथा बोटानं काढा, चूळ भरायला लावा आणि दवाखान्यात निघा. बोट घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उलट्या बहुधा आपोआप होतातच. जबरदस्तीनं काढलेली उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शुद्धीवर असेल आणि पोटात टिकत असेल तर घोट घोट पाणी किंवा जलसंजीवनी देत राहा. खाल्लेल्यापैकी एखादी बी, बोंड किंवा पानासकट डहाळी बरोबर घेऊन जा. ‘एरंडाची बी खाल्ली’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना वेगळंच झाड वाटू शकतं. तो घोळ पुढं सविस्तर सांगितला आहे.

घशात आग, मळमळ, उलट्या, पोटात पिळवटून दुखणं आणि पाण्यासारखे जुलाब अशी लक्षणं दिसतात. ती कधी अर्ध्या तासात सुरू होतात, कधी काही तास घेतात. ‘आत्ता तर खेळतोय, काही झालेलं दिसत नाही’ म्हणून थांबू नका. या विषावर खास असा उतारा नाही. शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं, गरज पडल्यास सलाइन लावणं, हाच उपचार. तो वेळेवर मिळाला तर बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत सावरतात. मूल जितकं लहान, तितकं त्याचं अंग लवकर कोरडं पडतं. सुस्ती, थंड हातपाय, लघवी न होणं किंवा शौचात रक्त यांपैकी काहीही दिसलं तर ते साधं पोट बिघडणं समजू नका.

दोन-तीनच बिया खाल्ल्या. तरी काळजी करायची का?

हो. दोन-तीन बियांनीही माणूस आजारी पडल्याची उदाहरणं आहेत, आणि काही जण जास्त खाऊनही थोडक्यात निभावले आहेत. बीतलं विष झाडागणिक कमीजास्त असतं, चावलेली बी आणि अख्खी गिळलेली बी यांतही फरक पडतो. त्यामुळं आकडा मोजून निर्धास्त होता येत नाही.

पण विषारी असून मुलं ही बी खातातच कशी? कडू लागत नाही?

इथंच सगळी गोम आहे. काळं टरफल फोडलं की आत पांढराशुभ्र, तेलकट गर निघतो आणि त्याची चव शेंगदाण्याच्या जवळ जाणारी, किंचित गोडसर असते. कडवट नाही, तिखट नाही, जिभेला लगेच काही जाणवत नाही. घशाची आग सुरू होईपर्यंत चार-पाच बिया पोटात गेलेल्या असतात. वर ही खाण्याची गोष्ट एकट्यानं होत नाही. एकाला ‘बदाम’ सापडले की तो इतरांना वाटतो, म्हणून दवाखान्यात येतात ती मुलं घोळक्यानं येतात. ज्या मैदानाच्या किंवा शाळेच्या कडेला हे झुडूप आहे, तिथल्या मुलांना बी हातात धरून दाखवणं आणि ‘ही ती’ असं सांगणं, याला पर्याय नाही. ‘झाडाचं काही खाऊ नका’ हे मुलं ऐकत नाहीत.

हा नेहमीचा एरंड नव्हे का? ओळखायचं कसं?

नव्हे. दोघं एकाच कुळातले आहेत, युफोर्बिएसी कुळातले, पण भाऊ नव्हेत, चुलतभाऊ म्हणा. नेहमीचा एरंड म्हणजे रिसिनस, आणि हा जट्रोफा कर्कस. याला चंद्रज्योत, वनएरंड, रानएरंड असंही म्हणतात आणि तेलाच्या चर्चेत तो थेट ‘जट्रोफा’ होतो.

पान पाहा. एरंडाचं पान पंजासारखं खोल कापलेलं, सात ते अकरा बोटांचं, कडा दातेरी, आणि देठ पानाच्या पोटात चिकटलेला. मोगली एरंडाचं पान हृदयाच्या आकाराचं, तीन ते पाच उथळ कोनांचं, कडा साध्या. मग बोंड पाहा. एरंडाच्या बोंडावर मऊ काटे असतात. याचं बोंड गुळगुळीत, लहान लिंबाएवढं, आधी हिरवं, मग पिवळं, शेवटी काळपट तपकिरी होऊन सुकतं. आत तीन कप्पे आणि बहुधा तीन बिया. एरंडाची बी चकचकीत, चट्ट्यापट्ट्यांची, गोचिडीसारखी दिसणारी. ही बी मळकट काळी, लांबट, सुमारे दोन सेंटिमीटरची, अंगावर बारीक भेगा असलेली.

एवढं करूनही शंका राहिली तर पानाचा देठ मोडा. मोगली एरंडातून पाण्यासारखा पातळ चीक भळाभळा येतो. तो कपड्यावर पडला तर तेव्हा काही दिसत नाही आणि वाळल्यावर तपकिरी डाग उमटतो. हा डाग जात नाही. माझ्या एका पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर तो कित्येक वर्षं आहे.

आणखी एक गोंधळ जमालगोट्याचा. तोही याच कुळातला, तोही जालीम रेचक, आणि नुसत्या सुट्या बिया पाहून फसगत होऊ शकते. तिन्हींपैकी एकही बी घरी कुटून घेण्याची नाही, हे लक्षात ठेवलं तर फरक ओळखता आला नाही तरी चालेल.

यातलं नेमकं विष कोणतं?

दोन आहेत, आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे.

पहिलं कर्सिन नावाचं प्रथिन. एरंडातल्या कुप्रसिद्ध रायसिनशी त्याचं नातं आहे. रायसिनला दोन भाग असतात. एक पेशीला चिकटून आत शिरायला वाट करून देतो, दुसरा आत गेल्यावर रायबोसोम, म्हणजे प्रथिनं तयार करणारी यंत्रणा, बंद पाडतो. कर्सिनजवळ हा दुसरा भाग आहे, वाट करून देणारा पहिला नाही. चोर आहे, पण किल्ली नाही. म्हणून ते रायसिनच्या मानानं बरंच सौम्य. शिवाय ते प्रथिन असल्यामुळं पुरेशा उष्णतेनं त्याचा जोर जातो.

दुसरं विष फॉरबॉल एस्टर या गटातलं, आणि खरा उपद्रव याचा. पेशीला ‘वाढ, कामाला लाग’ असा निरोप देणारा एक खटका असतो. शरीर तो गरजेपुरता दाबतं आणि सोडतं. फॉरबॉल एस्टर तो दाबूनच धरतात. आतड्यात गेले की दाह आणि जुलाब, कातडीला लागले की लाली आणि फोड. उंदरांच्या कातडीवरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की ते एकटे कर्करोग सुरू करत नाहीत, पण दुसऱ्या कशानं सुरुवात झाली असेल तर त्याला खतपाणी घालतात. हे पदार्थ उष्णतेला दाद देत नाहीत आणि तेलात विरघळतात.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण एरंडेलाची सवय असलेला माणूस इथंच चुकतो. रायसिन तेलात उतरत नाही, म्हणून विषारी बीतून काढलेलं शुद्ध एरंडेल पोटात घेता येतं. मोगली एरंडाचं विष मात्र तेलातच उतरतं. त्याचं तेल हेच विष.

मग बिया भाजल्या किंवा उकळल्या तर?

तरी नाही. भाजण्यानं कर्सिन जाईल, फॉरबॉल एस्टर राहतील. ते काढायला कारखान्यात मिथेनॉलसारख्या द्रावणानं पुन्हापुन्हा धुवावं लागतं.

पण मेक्सिकोत लोक या बिया भाजून खातात म्हणे?

खातात, आणि ती थाप नाही. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ आणि पुएब्ला भागांत या झुडपाचे असे वाण आहेत, ज्यांत फॉरबॉल एस्टर जवळजवळ नसतातच. तिथली माणसं त्या बिया भाजून, पदार्थांत घालून पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. पण दिसायला ते झाड आणि विषारी झाड सारखंच. पान पाहून, बी पाहून, चव घेऊन कुणालाही फरक सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. मेक्सिकोबाहेर जगभर जे पसरलं ते विषारीच. ‘तिकडं खातात’ हा युक्तिवाद इकडच्या झाडाला लावू नका.

हे झाड मूळचं कुठलं?

मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथून पोर्तुगीज खलाशांनी ते आफ्रिकेच्या पश्चिमेच्या केप व्हर्द बेटांवर आणि गिनी बिसाऊत नेलं, पुढं आफ्रिका आणि आशियाभर. नावातलं ‘मोगली’ पाहून ते मोगलांनी आणलं असं समजू नका, मोगलांकडं मेक्सिकोला जाणारी जहाजं नव्हती. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ मध्ये त्याला जट्रोफा कर्कस हे शास्त्रीय नाव दिलं. जट्रोफा हा शब्द ग्रीकमधल्या ‘वैद्य’ आणि ‘आहार’ या दोन शब्दांवरून घडवला आहे. विषारी बीला ‘वैद्याचा आहार’ म्हणणं विचित्र वाटेल, पण त्या काळच्या वैद्यकात पोट साफ करणं हा अर्धा उपचार होता.

लोकांनी दिलेली नावं जास्त प्रामाणिक आहेत. केप व्हर्दमध्ये याला ‘पुर्गेइरा’ म्हणतात, म्हणजे सरळसरळ रेचक झाड. या बेटांवरून एकोणिसाव्या शतकात बिया जहाजं भरभरून लिस्बनला जात आणि त्यांच्या तेलातून साबण बने, दिवे जळत. कोरड्या, खडकाळ बेटांना निर्यात करण्याजोगं दुसरं फारसं काही नव्हतं.

प्रवासात हे झाड थोड्याशाच रोपांतून पसरलं, याचा पुरावा त्याच्या गुणसूत्रांत आहे. मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या झाडांत भरपूर विविधता सापडते. आफ्रिका आणि आशियातली झाडं मात्र एकमेकांच्या नकला असाव्यात इतकी सारखी. ही गोष्ट पुढं तेलाच्या स्वप्नाला नडली.

कुंपणासाठी लावायचं आहे. चांगलं का?

फार चांगलं, आणि माझ्या मते या झुडपाचा सर्वांत निर्विवाद उपयोग हाच. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पानाचा वास आणि चीक त्यांना नकोसा असतो. शेळी ज्याला सोडते ते झाड कुंपणाच्या परीक्षेत पहिलं आलंच म्हणायचं. वर ते फार पाणी मागत नाही. कोरड्या दिवसांत सगळी पानं गाळून नुसतं खोडावर उभं राहतं आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवं होतं. ते चाळीस-पन्नास वर्षं जगतं.

पाऊस सुरू होण्याआधी हातभर लांबीच्या, अंगठ्याहून जाड, पिकलेल्या फांद्या तोडा. तोडल्याबरोबर न लावता काही दिवस सावलीत ठेवा, म्हणजे चीक आटतो आणि कुजण्याचा धोका कमी होतो. मग वीतभर अंतरानं जमिनीत खोचा. वर्षभरात रांग दाट होते. एक उणीव मात्र आहे. फांदीपासून आलेल्या झाडाला सोटमूळ नसतं. बी पेरून आलेल्या रोपाला मधलं सोटमूळ आणि चार बाजूंना चार मुळं असा भक्कम पाया असतो. वारा जोराचा किंवा जमीन उताराची असेल तर बियांची रोपं लावा, वेळ लागला तरी. उताराची माती धरून ठेवायलाही तीच उपयोगी.

कडाक्याची थंडी, गारठून पाणी गोठतं अशी, या झाडाला सोसत नाही. पाण्याचा निचरा नसलेल्या चिकट जमिनीत मुळं सडतात. मादागास्कर आणि कोमोरोसमध्ये तर व्हॅनिलाच्या वेलींना टेकू म्हणूनही हे झुडूप लावतात. आधार देतं, थोडी सावली देतं आणि कुठलंही जनावर त्याला मुळापासून ओरबाडत नाही.

तेलाचा दिवा लावता येतो का?

येतो, ‘चंद्रज्योत’ हे नाव उगाच नाही. पण रॉकेलच्या कंदिलात हे तेल ओतलं तर निराशा होईल. तेल जाड असतं, वातीतून फार उंच चढत नाही, ज्योत मिणमिणते आणि विझते. वातीचं टोक तेलाच्या पातळीला अगदी लागून असेल, अशी पणतीसारखी उथळ किंवा तरंगत्या वातीची सोय हवी. धुरात बसून राहू नका, खोली हवेशीर ठेवा.

आणि साबण?

कॉस्टिक सोड्याबरोबर छान, घट्ट, पांढरा साबण होतो. मालीसारख्या पश्चिम आफ्रिकी देशांत बायकांच्या गटांनी हा उद्योग केला आहे. कपडे-भांडी धुण्याला माझी हरकत नाही. अंगाला, विशेषतः लहान मुलांना लावण्याच्या साबणासाठी हे तेल मी वापरणार नाही. फॉरबॉल एस्टर कातडीशी कसे वागतात ते वर लिहिलंच आहे.

औषध म्हणून काय काय करतात?

जगभरच्या लोकवैद्यकात याचे चार उपयोग पुन्हापुन्हा भेटतात. बी रेचक म्हणून, चीक जखमेवर, पानांचा काढा अंग शेकायला, आणि कोवळी काडी दात घासायला. शेवटचा प्रकार नायजेरियात आजही दिसतो.

रेचकाचा उपयोग पूर्ण सोडून द्यावा, त्यात औषध आणि विष यांच्यामध्ये बोटभरही जागा नाही. चिकाची गोष्ट जरा मजेशीर आहे. प्रयोगशाळेत तपासल्यावर दिसलं, की निव्वळ चीक रक्त लवकर गोठवतो आणि तोच पाणी घालून पातळ केला की रक्त गोठायला उलट वेळ लागतो. जखमेवर थेंब लावून रक्त थांबवणारी आजी चुकत नव्हती. पण किती थेंबांवर काय होईल हे हिशेबानं सांगता येत नाही, आणि रानातल्या चिकाबरोबर जंतूही येतात. हाताशी स्वच्छ कापड आणि पाणी असेल तर चीक नको.

चीक अंगावर किंवा डोळ्यात गेला तर?

कातडीवर पडला तर साबणानं धुवा. बहुतेकांना काही होत नाही, काहींना खाज सुटते. डोळ्यात गेला तर चोळू नका, दहा-पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

याच चिकाचा एक खेळ मात्र सांगायला हवा. पानाचा देठ अर्धवट मोडायचा, पूर्ण तोडायचा नाही, आणि हळूच मागं वाकवायचा. मोडलेल्या जागी चिकाचा पातळ पडदा धरतो, खिडकीच्या काचेसारखा. त्यावर अलगद फुंकर मारली की साबणाच्या फुग्यासारखा इंद्रधनुषी फुगा निघतो आणि वाऱ्यावर जातो. कित्येक देशांतली मुलं हा खेळ एकमेकांना न भेटता खेळत आली आहेत. मीही खेळलो आहे. फुगा डोळ्याजवळ फुटतो आणि खेळून झाल्यावर तीच बोटं तोंडात जातात, म्हणून मोठं झाल्यावर मीही मुलांना रागावतो.

या तेलावर खरंच गाडी चालते?

चालते. बीत वजनाच्या ३० ते ४० टक्के तेल असतं. जुन्या धाटणीच्या, संथ फिरणाऱ्या डिझेल इंजिनांत ते गाळून थेटही चालतं. मालीतल्या गरालो गावात अशा तेलावर वीज तयार करण्याचा प्रयोग झाला. आधुनिक इंजिनाला मात्र ते फार जाड पडतं, नळ्या तुंबतात, इंधन फवारणाऱ्या पिचकाऱ्यांवर काजळी धरते. म्हणून तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून त्याचं बायोडिझेल करतात, खाली ग्लिसरीन बसतं, वरचं पातळ इंधन काढून घेतात.

विमानाची गोष्टही खरी. ३० डिसेंबर २००८ रोजी एअर न्यूझीलंडच्या बोइंग ७४७-४०० विमानानं ऑकलंडहून चाचणी उड्डाण केलं, तेव्हा चारपैकी एका इंजिनात निम्मं जट्रोफापासून केलेलं इंधन होतं. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचं एक छोटं विमान डेहराडूनहून दिल्लीला आलं, त्यातही एका इंजिनात २५ टक्के जट्रोफाचं इंधन होतं. ते डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं तयार केलं होतं. इंजिनांनी कुठंही तक्रार केली नाही. हे तेल जळतं की नाही हा प्रश्न कधी नव्हताच.

मग आज सगळीकडं हेच इंधन का नाही?

जगणं आणि पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. या झाडाची सगळी फसलेली कहाणी या एका फरकात आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत जट्रोफाची लाट आली. पडीक जमिनीत येतो, पाणी लागत नाही, गुरं खात नाहीत, माणसाच्या ताटातलं काही हिरावत नाही, आणि बीतून डिझेल निघतं. विषारीपणाचाच गुण झाला. भारतात २००३ मध्ये योजना आयोगाच्या समितीनं जट्रोफावर भर देऊन २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य मांडलं. म्यानमारच्या लष्करी सरकारनं तर देशभर लाखो एकरांवर लागवडीचा हुकूम काढला, लोकांना दारात आणि रस्त्याकडेला रोपं लावायला लावली. ब्रिटनच्या डी-वन ऑइल्स या जैवइंधन कंपनीबरोबर बीपी या बड्या तेल कंपनीनं २००७ मध्ये भागीदारी केली आणि २००९ मध्ये ती सोडलीसुद्धा.

झालं काय? वर्षाला ३०० मिलिमीटर पावसात झाड जगतं, हे खरं. पण भरभरून बोंडं धरायला त्याला याच्या तिप्पट-चौपट पाऊस आणि बऱ्यापैकी खत लागतं. पडीक जमिनीत लावलं की ते पडीक जमिनीसारखंच पीक देतं. जाहिरातीत हेक्टरी कित्येक टनांच्या गोष्टी होत्या, कोरडवाहू शेतात एक टनसुद्धा बी मिळणं मुश्कील झालं. पिकाला पाणी-खत द्यायचंच, तर माणूस ते अन्नाच्या पिकाला का देणार नाही? वर किडी आणि बुरशीही आली. ‘याला कीड लागत नाही’ हे कुंपणाच्या एकट्या झाडाबद्दल खरं होतं, शेकडो एकर एकजिनसी लागवडीबद्दल नाही.

मुळात झाडच रानटी होतं. गहू-भात यांच्यामागं हजारो वर्षांची निवड आहे, हे कुणी पीक म्हणून घडवलेलंच नव्हतं. फुलोऱ्यात एका मादी फुलामागं वीस-तीस नर फुलं असतात, म्हणजे बोंड धरणारी फुलं मुळातच मोजकी. जगभर नेलेल्या झाडांत विविधताही नाही, म्हणजे चांगला वाण निवडायचा तरी कशातून?

आणि वेचणी. हा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि मग लाटेबद्दलची माझी उरलीसुरली आशा संपली. बोंडं एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात हिरवं, पिवळं आणि काळं बोंड शेजारीशेजारी असतं, म्हणून यंत्र चालत नाही, माणसानं पुन्हापुन्हा फिरून हातानं तोडायचं. हाताच्या घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण चार-पाच किलो बी लागतं. एका किलोत दीड हजाराच्या आसपास बिया. म्हणजे लिटरला सहा-सात हजार बिया, आणि बोंडाला तीन धरल्या तरी दोन हजारांहून जास्त बोंडं. ती तोडायची, वाळवायची, फोडायची, बी निवडायचं, गाळायचं. एवढ्या मेहनतीतून हाती येतं एक लिटर इंधन, आणि ते डिझेलच्या भावाशी स्पर्धा करणार.

म्हणजे तेल निरुपयोगी?

नाही. गावाला दिवाबत्तीपुरतं, पंपापुरतं, साबणापुरतं तेल हवं असेल आणि झाडं कुंपणाला आधीच उभी असतील, तर बोंडं फुकटचीच आहेत. वेचायला सवड असणारे हात असले की झालं. मालीत ज्या उद्योगांनी तग धरला ते या मापाचे होते. कुंपणाचं उपउत्पन्न म्हणून तेल परवडतं, शेताचं मुख्य पीक म्हणून नाही.

पेंड गुरांना घालू का?

अजिबात नाही. विष तेलात उतरतं, तसं पेंडीतही उरतं. खत म्हणून मात्र ती उत्तम. नत्र साधारण ३ ते ६ टक्के, शेणखतापेक्षा सरस. फॉरबॉल एस्टर मातीत काही आठवड्यांत विघटित होतात. बायोगॅसच्या टाकीतही पेंड चालते. गुरांच्या खाद्याच्या पोत्यांशेजारी तिचं पोतं ठेवू नका आणि पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. चूक पेंडीची नसते, सारख्या दिसणाऱ्या पोत्यांची असते.

बागेतली लाल फुलांची जट्रोफाही विषारी का?

तीही याच प्रजातीतली, तीही खाण्याची नाही. लाल फुलांची बागेतली जट्रोफा, खोडाला फुगीर पोट असलेली कुंडीतली जट्रोफा, जांभळट पानांची रानात वाढणारी, सगळ्यांना हाच नियम लावा.

सरपण म्हणून?

लाकूड हलकं आणि पाणचट, जाळायला निकृष्ट. वाळलेली टरफलं जळतात, पण बंद खोलीत नकोत.

कीटकनाशक म्हणून वापरता येतं का?

बी आणि तेलाचे अर्क किड्यांवर आणि गोगलगाईंवर चालतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. फिलिपाइन्समध्ये या झुडपाला ‘तुबा-तुबा’ म्हणतात. तिथं ‘तुबा’ म्हणजे पाण्यात कुटून टाकून मासे गुंगवण्याची वनस्पती. यावरूनच समजा, की फवारणीचं पाणी ओढ्या-तळ्यात जाता कामा नये. माझा सल्ला, घरी करून पाहू नका.

घराजवळ झाड आहे आणि लहान मुलं आहेत. तोडून टाकू?

अंगणात, मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर असेल तर काढून टाका. बुंधा तोडून भागत नाही, पुन्हा फुटतो, मुळासकट उपटावं लागतं. लांब बाह्यांचे जुने कपडे आणि हातमोजे घाला, आणि खाली सांडलेल्या बिया वेचल्याशिवाय काम झालं असं समजू नका. तोडलेल्या फांद्या ओल्या जमिनीवर टाकून दिल्या तर त्यांनाही मुळं फुटतात. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत हे झाड तण म्हणून नकोसं मानलं जातं, ते याच चिवटपणामुळं.

दूरच्या बांधावरचं कुंपण असेल तर तोडायची गरज नाही, छाटत राहा. फुलोरा येतो तो नव्या फांदीच्या शेंड्यावर. शेंडे वेळेवर कापत गेलात तर कुंपण दाट होईल आणि बोंडं धरणारच नाहीत, किंवा धरली तर दोन-चार. ती हिरवी असतानाच तोडून पुरा. काळी पडून जमिनीवर टपकली, की मग ती कुणाच्या तरी खिशात जातात.